सहाव्या वर्षी येणारी दाढ

आज ओपीडीत पुन्हा तेच वाक्य: "दुधाचीच दाढ आहे ना डॉक्टर, पडेल की!" ती दुधाची नव्हती. साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे कायमची दाढ येते, वर दोन आणि खाली दोन. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. ही गेली की दुसरी येत नाही.

वर येत असताना ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, त्यामुळे ब्रश वरूनच निघून जातो. खाचा इतक्या अरुंद, की ब्रशचा केस आत शिरत नाही. बिस्किटाचा लगदा मात्र बसतो. म्हणून ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून फक्त त्या दाढेवर फिरवा. मुलाला तोंड अर्धंच उघडायला सांगा, गाल सैल राहतो.

सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचं ब्रश आईबाबांनीच करून द्यावं, यावर मी ठाम आहे. झोपेत लाळ कमी सुटते, दातांवर राहिलेलं धुऊन जात नाही. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराइड किमान १००० पीपीएम. ट्यूबवर वाचून घ्या. नंतर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ नको, नाहीतर फ्लोराइडही वाहून जातं.

दाढ पूर्ण वर आली की खाचा सीलंटने, म्हणजे दाढेवर चिकटून बसणाऱ्या पातळ लेपाने, बुजवून घ्या. सुई नाही, कोरणं नाही. सीलंट कधीकधी निघतं, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवत राहा.