रत्नागिरीचा वीकेंड: मत्स्यालय जरूर बघा, पण किल्ल्याखालच्या खडकांवर तिथी बघितल्याशिवाय उतरू नका

आधी मुद्द्याचं सांगते. पांढऱ्या समुद्राकडून भगवती किल्ल्याच्या पायथ्याने, खडकाखडकांतून गुहेच्या दिशेने जाणारी 'सोपी, मुलांना घेऊन जमेल अशी' वाट दाखवणारा एक व्हिडिओ माझ्याकडे तीन जणांनी पाठवला होता. ती वाट सोपी नाही. महिन्यातले मोजके दिवस आणि त्या दिवसांतले मोजके तास सोडले तर ती वाटच नाही, तिथे समुद्र असतो. गेल्या शनिवारी मी आणि माझा आठवीतला भाचा तिथे अडकलो. उजव्या तळहाताची पट्टी अजून सुटलेली नाही. लिहायला वेळ लागतोय, पण सुट्ट्या लागायच्या आत हे लोकांपर्यंत पोचायला हवं.

बेत अगदी आरामाचा होता. भाच्याला माशांचं वेड, त्याला झाडगावचं मत्स्यालय बघायचं होतं. मला दोन दिवस समुद्राकाठी नुसतं बसायचं होतं. शुक्रवारी रात्री कोकणकन्येत बसलो, शनिवारी पहाटे रत्नागिरी. दुपारी झोप काढली आणि ऊन उतरल्यावर, साडेचारच्या सुमारास, पांढऱ्या समुद्रावर आलो. व्हिडिओतही 'संध्याकाळी जा, ऊन लागत नाही' असंच सांगितलेलं होतं.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. खाली काळा कातळ, वरून ढासळलेले जांभ्याचे तांबडे धोंडे, मधेमधे पाण्याची डबकी. डबक्यांत बोटभर मासे आणि शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे. भाचा प्रत्येक डबक्यापाशी उकिडवा बसत होता. मग एक घळ लागली. चार-पाच पावलं रुंद, दोन्ही बाजूंना खांद्याएवढा कातळ, तळाला घोट्याएवढं पाणी. आम्ही बुटांसकट ओलांडली. पलीकडून एक बाई टोपलीत कालवं घेऊन परत येत होत्या. म्हणाल्या, "कुठं चाल्लाव बाय? पानी भरतंय, मागं फिरा."

मी फिरले नाही. ही माझी चूक, आणि ती मोठी होती. व्हिडिओत त्या घळीनंतर दोन वळणांवर गुहा होती, म्हणून मी 'आलोच दहा मिनिटांत' म्हटलं. दुसऱ्या वळणावर कातळच पाण्याखाली होता. व्हिडिओतला माणूस जिथून कोरड्या पायांनी चालत गेला होता तिथे लाट फुटत होती. परत वळलो आणि घळीपाशी आलो, तर मघाचं घोट्याचं पाणी माझ्या मांडीपर्यंत आलं होतं. मधे वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील, जास्त नाही.

अशा घळीत पाणी नुसतं चढत नाही. लाट अरुंद तोंडातून आत शिरते, मागे भिंतीवर आपटते आणि परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते. मी भाच्याला माझ्या पुढे घेतलं, त्याची सॅक माझ्या गळ्यात अडकवली. मधोमध आलो आणि मोठी लाट आली. तोल सांभाळायला मी उजवा हात भिंतीवर टेकला. त्या भिंतीला कमरेच्या उंचीपर्यंत कालवं चिकटलेली होती. कालवाची कड पातेल्याच्या फुटलेल्या काठासारखी असते, पातळ आणि वाकडीतिकडी. कापलं तेव्हा कळलंही नाही. भाच्याच्या शर्टावर रक्ताचा पंजा उमटला तेव्हा कळलं. तो ओरडला नाही, पण त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की रात्रीपर्यंत त्याच्या बोटांचे वळ होते.

त्या बाई गेल्या नव्हत्या. टोपली खाली ठेवून पलीकडे उभ्या होत्या. आम्ही खालच्या काठाने परत निघालो तर हात करून वर दाखवायला लागल्या, "वरनं या, वरनं." वरून म्हणजे कड्याला लागून, जांभ्याच्या धोंड्यांतून. येताना पंधरा मिनिटांची वाट परतीला पाऊण तासाची झाली. जांभा हाताला घट्ट वाटतो आणि वजन टाकलं की ढेकळासारखा फुटतो. पण शेवाळावरून घसरण्यापेक्षा तो बरा. वाळूवर पोचलो तेव्हा त्यांना पैसे देऊ केले. घेतले नाहीत. माझा हात बघून म्हणाल्या, गोड्या पाण्याने धू, आतली कच राहू देऊ नको.

मुक्कामी आलो. घरमालक आजोबांनी जखम बघितली, डॉक्टरांकडे नेलं, टीटीचं इंजेक्शन घेतलं. परत आल्यावर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आज तिथी कुठली?" दशमी होती. "मग दहाचं पाऊण किती?" साडेसात.

हेच ते गणित. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ते पाठ असतं आणि आपल्याला कुणी सांगत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा, तीनने गुणायचं, चारने भागायचं. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळची दोन्ही. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

आता आमचा शनिवार लावून बघा. दशमी, भरती साडेसातला, ओहोटी दुपारी दीडला. आम्ही उतरलो साडेचारला, म्हणजे पाणी चढायला लागून तीन तास झाले होते. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडंसं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात सगळ्यात वेगाने, निम्मं पाणी त्या दोन तासांतच येतं. साडेतीन ते साडेपाच. आम्ही नेमके त्यात होतो.

आणि व्हिडिओ? रात्री पुन्हा लावून बघितला. मावळतीचं ऊन, पाणी कितीतरी आत गेलेलं, खडकांवर वाळलेलं शेवाळ. तो अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा असणार. त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते, म्हणून संध्याकाळी पाच-सहाला पूर्ण ओहोटी. शिवाय उधाणाचे दिवस, तेव्हा भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटीही खोल जाते. आमचे होते भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आगेमागचे. भांगाला पाणी कमी चढतं, पण उतरतंही कमी, त्यामुळे ती दोन वळणं दुपारी दीडलाही कोरडी नसती. व्हिडिओवाला खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त तारीख सांगितली नाही. पण 'संध्याकाळी जा' हे वाक्य त्याने सगळ्या दिवसांसाठी सांगितलं, आणि ते कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

माझं मत स्पष्ट आहे. मुलं बरोबर असतील तर त्या खडकांवर पहिल्या घळीच्या पुढे जाऊच नका, तिथी कुठलीही असो. गुहेचा हट्ट सोडा, त्याऐवजी रत्नदुर्गावर, म्हणजे याच भगवती किल्ल्यावर चढा आणि वरून समुद्र बघा. किल्ल्यावर भगवतीचं देऊळ आहे, बालेकिल्ला, पेठकिल्ला आणि दीपगृहाची टेकडी असे तीन भाग आहेत, तिन्ही फिरायला अडीच तास ठेवा. सिंहगड न थांबता चढणाऱ्याला हा किल्ला काहीच नाही, मात्र दमट हवेमुळे पाणी दुप्पट लागतं.

ट्रेकची सवय असलेल्या मोठ्या माणसांना उतरायचंच असेल तर उधाणाच्या दिवसांत, पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि पाणी वळायच्या आत वाळूवर परत या. फ्लोटर आणि चपला घरी. ओल्या कातळाला धरणारा रबरी तळ आणि बंद बोटं हवीत, आणि बागकामाचे जाड हातमोजे घ्या, कालवांसाठी. कड्याखाली माझ्या फोनला रेंज नव्हती, तेव्हा वर कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा. किनाऱ्यावर कुणी संकटात दिसलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554, नाहीतर 112. पावसाळ्यात प्रश्नच नाही.

आरे-वाऱ्यालाही हेच. किनारा देखणा आहे, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर वरून दिसतो तेव्हा गाडी थांबवावीच लागते. पण तिथे पोहायला उतरू नका. लोक बुडाले आहेत. पाटी लावलेली असते ती शोभेला नसते.

रविवारी मत्स्यालय. आदल्या रात्री मला वाटलं होतं, भाचा आता समुद्राचं काही बघायलाच नको म्हणेल. सात वाजता तयार होऊन बसला होता. झाडगावचं हे मत्स्यालय म्हणजे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचा भाग. केंद्र 1958 सालचं, ज्या कोकण कृषी विद्यापीठाकडे ते आहे ते विद्यापीठ 1972 मध्ये झालं, म्हणजे केंद्र विद्यापीठाहून जुनं. काचेच्या बोगद्यातून डोक्यावरून शार्क जाताहेत अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. हे अभ्यासाचं ठिकाण आहे. सावकाश बघितलं तर दोन तास सहज जातात. वेळ आणि सुट्टी आधी फोन करून विचारून घ्या, आणि दार उघडताच आत शिरा. शाळांच्या सहली आल्या की काचेपर्यंत पोचता येत नाही.

देवमाशाच्या सांगाड्यापाशी आधी जा. पन्नास फुटांहून लांब. मणक्याचं एकेक हाड घरातल्या पाटाएवढं, आणि त्याला दोन्ही अंगांना पसरलेले पंख्यासारखे फाटे. भाच्याने सांगाड्याच्या कडेने पावलं मोजली, मग उलट दिशेने पुन्हा मोजली. नंतर समुद्री घोड्याच्या टाकीसमोर तो इतका वेळ उभा राहिला की मी बाकावर जाऊन बसले. शेपटी एका काडीला गुंडाळून ते उभेच्या उभे झुलत असतात. पिल्लं नराच्या पोटाच्या पिशवीत वाढतात हे त्याला माहीत होतं, पण पाठीवरचा तो नखाएवढा पर इतक्या वेगाने थरथरतो हे पुस्तकात दिसत नाही, असं तो मला तीनदा येऊन सांगून गेला. सिंहमासा बघाच, त्याच्या त्या झालरीसारख्या काट्यांत विष असतं. आणि शंख-शिंपल्यांच्या कपाटापाशी मी थांबले. त्यात कालवं होती, धुतलेली, कोरडी. कालची कड मी काचेतून बराच वेळ बघत होते.

काचेवर टिचक्या मारू नका. आमच्या शेजारचे एक बाबा मुलाला दाखवायला सारखे मारत होते, आणि मासा प्रत्येक वेळी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन दडत होता.

बाकीचं थोडक्यात. थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून पुढे इथे आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथेच वारला. मागच्या बाजूने खाडी दिसते. मांडवीची वाळू काळी असते ती इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे. मुलं बरोबर असतील तर खिशात लोहचुंबक ठेवा, काळे कण मिशीसारखे चिकटून येतात. जेवण सगळीकडे चांगलं मिळालं.

रेल्वे स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, 'चालत जाता येतं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पहाटे रिक्षाला आमच्याकडून साडेतीनशे घेतले, रविवारी तेवढ्याच अंतराला दुसऱ्याने दोनशे. भाडं ठरवल्याशिवाय बसू नका, किंवा उजाडेपर्यंत थांबून बसने जा. कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी असेल तर त्याच दिवशी सकाळी काढा. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

परतताना जनशताब्दी मिळाली. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा भाचा माझ्या फोनवरचं कॅलेंडर उघडून बसला होता. येत्या शनिवार-रविवारांची तिथी काढून प्रत्येकापुढे भरतीची वेळ लिहीत होता. बोगदा संपेपर्यंत मे महिन्यापर्यंत पोचला होता.