शिट्टी न वाजवणारा कोच

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी मिनेसोटात दारासमोरचा बर्फ उपसत होतो. "शाळेबद्दल दोन पानं लिही, आणि या खेपेला वेळेवर दे," असं बजावून फोन बंद. लिहायला बसलो आणि आठवत राहिला एक अमेरिकन कोच, ज्याने आपली शाळा काय, आपला जिल्हाही कधी पाहिला नव्हता. संपादकांनी लगेच कात्री उचलू नये. शाळा येतेच मध्ये.

आठवीत कबड्डीच्या संघाची यादी फळ्यावर लागली. बारा नावं. त्यांत माझं नव्हतं. मी तेरावा असणार, असं मीच ठरवून टाकलं. विचारायची टाप कोणाची? पी.टी.च्या सरांनी माझ्या हातात फक्कीचा डबा ठेवला, तळाला खिळ्याने भोकं पाडलेला. पुढची दोन वर्षं मी मैदान आखलं. मध्यरेषा, निदान रेषा, दोन्हीकडची लॉबी. सरांची शिट्टी वाजली की मी रेषेबाहेर आणि बारा जण आत.

२००८च्या सप्टेंबरात कंपनीने मला मिनेसोटातल्या सेंट क्लाऊडला पाठवलं. तिथला एक सहकारी शनिवारी गाडीत घालून कॉलेजव्हिलला घेऊन गेला. गाव म्हणजे जवळजवळ नुसतं सेंट जॉन्स हे कॉलेज, बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ, तळं आणि झाडी. झाडीच्या खोलगटात मैदान. फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेट घालून धडका देण्याचा. मैदानाच्या कडेला लाल जर्सीतली इतकी पोरं उभी होती की मला वाटलं, दोन्ही संघ एकाच बाजूला थांबलेत. मी तसं बोललोही. सहकारी हसला. म्हणाला, ही सगळी आपलीच. इथे जो येतो तो संघात. कोणाला काढत नाहीत.

फक्कीचा डबा असा मधेच आठवेल असं वाटलं नव्हतं.

त्या कोचचं नाव जॉन गॅलार्डी. तेव्हा वय ८१. अठरा वर्षांची पोरं त्यांना 'जॉन' म्हणायची. 'कोच' म्हणायला मनाई होती. आपल्या सरांना त्यांच्या नावाने हाक मारायची कल्पना करून बघा. माझ्या तर आजही पोटात गोळा येतो.

गॅलार्डी मूळचे कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडचे, कोळशाच्या खाणींच्या मुलखातले. १९४३ साली त्यांच्या शाळेचा कोच युद्धावर गेला आणि संघ बंद पडायची वेळ आली. सोळा वर्षांच्या गॅलार्डींनी तो हातात घेतला. खेळाडू म्हणून आपल्याला काय काय नकोसं व्हायचं, ते त्यांनी आधी काढून टाकलं. दमछाक करणारी कवायत बंद. सरावात पाणी प्यायची मुभा. त्या काळी सरावात पाणी प्यायलेला पोरगा नाजूक होतो, असं भलेभले कोच मानायचे. (आपल्याकडेही 'पळून आल्यावर लगेच पाणी नको' होतंच.)

पुढे मॉन्टॅनातल्या कॅरोल कॉलेजात चार हंगाम, आणि १९५३ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, सेंट जॉन्स. आधीचे कोच जॉनी 'ब्लड' मॅकनॅली, व्यावसायिक फुटबॉलचे नामांकित खेळाडू. इथे कोणी जिंकू शकत नाही, असं म्हणून ते गेले होते. नव्या माणसाने तिथे साठ हंगाम काढले.

त्यांची पद्धत सगळी नकारांची. सरावात एकमेकांना पाडायचं नाही. शिट्टी नाही. दीड तासापेक्षा जास्त सराव नाही. डास फार झाले तर आत चला. सुरुवातीच्या व्यायामात तर चक्क गवतावर उताणं पडायचं आणि शेजाऱ्याला म्हणायचं, काय छान दिवस आहे! हे ऐकून कोणी लाड समजेल. तसं नव्हतं. पाडापाडीत जाणारा वेळ एकच चाल पुन्हा पुन्हा बिनचूक करण्यात जायचा. पाऊल वीतभर चुकलं तरी परत पहिल्यापासून. खेळाच्या शिष्यवृत्त्या देता येत नाहीत अशा, कॉलेज-स्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीतलं हे कॉलेज. विकतचे हिरे नव्हतेच, आलेल्या पोरांनाच घडवायचं.

१९६३, १९६५, १९७६ आणि २००३ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं. ८ नोव्हेंबर २००३ रोजी बेथेलला २९-२६ असं हरवून त्यांनी ४०९वा सामना जिंकला आणि ग्रॅम्ब्लिंग कॉलेजचे कोच एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मागे पडला. २०१२ला थांबले तेव्हा ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबऱ्या. २०१८मध्ये, ९१व्या वर्षी ते गेले. डोक्याच्या दुखापतींची चर्चा वाढल्यावर मोठमोठ्या कॉलेजांनी सरावातल्या धडका कमी केल्या. हा माणूस ते कितीतरी आधीपासून करत होता, पण लहान कॉलेजाकडे बघतंय कोण!

त्या शनिवारी सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या भागात सामना हातात आला आणि कडेची पोरं आत जाऊ लागली. एकाच्या पँटला साधा डागही नव्हता. आत गेला, पहिल्याच झटापटीत तोंडावर आपटला, उठला तो गुडघ्याचा डाग बघतच.

मागच्या जानेवारीत गावी आलो तेव्हा सरांकडे गेलो. आता ऐकू कमी येतं, शिट्टी मात्र देवघराशेजारच्या खिळ्याला आहे. त्यांना हे सगळं मोठ्याने सांगितलं. सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दीड-पावणेदोनशे पोरं? आणि शिट्टी नाही?" थोड्या वेळाने पुन्हा, "बरं, मग मैदान कोण आखायचं?"