साध्या गोळीसाठी तीन आठवडे हेलपाटे: माझा अनुभव

आईचं व्हिटॅमिन डी आलं 11, म्हणजे बरंच कमी. हाडांच्या डॉक्टरांनी 60,000 युनिटचं पाकीट दिलं, आठवड्याला एक, आठ आठवडे. रविवारी जेवण झालं की दुधातून पाकीट, हे दोन मिनिटांत ठरलं. त्यात काही अडलं नाही.

अडलं ते कॅल्शियमच्या गोळीवर. चिठ्ठीतली कंपनी मेडिकलमध्ये नव्हती. "ही घ्या, सेमच आहे." घेतली. दहा दिवसांनी सहज पट्टीमागची बारीक अक्षरं वाचली तर त्यात मेनाक्विनोन-7, 55 मायक्रोग्रॅम. म्हणजे व्हिटॅमिन के-टू. आणि आईच्या हृदयातली मायट्रल झडप मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम बसवलेली, त्यासाठी रोज संध्याकाळी असेनोकुमारॉल. रक्त पातळ ठेवणारी ही गोळी व्हिटॅमिन के अडवूनच काम करते. इकडे अडवायचं आणि तिकडे आपणच पुरवायचं!

गोळी त्याच दिवशी बंद केली आणि विचारायला निघालो. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "व्हिटॅमिनच आहे हो, पण हार्टवाल्यांना विचारून घ्या." हार्टच्या ओपीडीत खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आम्ही लिहिलीय का? ज्यांनी लिहिली त्यांनाच विचारा." लिहिली कोणीच नव्हती, बदलली होती मेडिकलवाल्याने, आणि तो म्हणाला, "सगळेच नेतात, काही होत नाही." हार्टच्या डॉक्टरांच्या असिस्टंटला पट्टीचा फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या फेरीला 43 नंबर मिळाला, 31 वर डॉक्टर ऑपरेशनला निघून गेले. डबा खाऊन घरी.

शेवटी मी प्रश्न विचारणंच सोडलं. नेहमीच्या लॅबमध्ये आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करून घेतला. आईचा 2.5 ते 3.5 मध्ये हवा, आला 1.8, म्हणजे रक्त हवं तितकं पातळ नाही. तो कागद खिडकीत सरकवल्यावर दहा मिनिटांत आत बोलावलं. झडपेवर गुठळी होण्याची भीती असते, तेव्हा आकडा दिसला की सगळे हलतात. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं: नुसतं डी चालेल, के असलेलं काही नको, असेनोकुमारॉलचा डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही, आणि आकडा जागेवर येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी. मेनाक्विनोन-7 शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, म्हणून गोळी थांबवली की लगेच सगळं पूर्ववत होत नाही. मेथी-पालकातही व्हिटॅमिन के असतं, म्हणून आईने धास्तीने तो सोडला होता. तोही सोडायचा नाही म्हणाले, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढाच खायचा.

शेजारचे काका डी आणि के-टू एकत्र घेतात. त्यांना रक्ताची असली गोळी नाही, त्यांच्या डॉक्टरांची हरकतही नाही. पण के-टूमुळे कॅल्शियम रक्तवाहिन्यांत न जाता हाडांतच जातं, हे दुकानात सांगतात तितकं पक्कं सिद्ध झालेलं नाही.

अरे हो, पाकिटांचं राहिलं. आठ झाली की थांबून पुन्हा तपासायचं. मेडिकलवाला नववं हसत देतो. आणि ते आठवड्याचं आहे, रोजचं नव्हे. आमच्या मावशींनी सलग पाच दिवस घेतलं होतं. डी फार झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी सुरू झाली तर वाट बघू नका.

आईचा आयएनआर तिसऱ्या आठवड्यात 2.7 आला. त्या गोळ्यांचे 260 रुपये मात्र गेले. फोडलेली पट्टी परत घेत नाहीत म्हणे.