विंडोज ९८, निळा स्क्रीन आणि एक ड्रायव्हर : माझा अनुभव

विंडोज ९८ वर ज्यांनी रोजचं काम केलंय त्यांना तो निळा स्क्रीन सांगायला नको, "फेटल एक्सेप्शन ०ई" आणि पुढे कुठल्यातरी व्हीएक्सडीचं, म्हणजे विंडोजच्या ड्रायव्हर फाइलचं नाव. माझ्याकडे साउंड कार्डचा नवा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) टाकल्यावर हे सुरू झालं. चांगली चारपाच पानं टाइप करून व्हायची, सेव्ह करायला जावं तर स्क्रीन निळा, मग रीसेट, मग स्कॅनडिस्क (डिस्क तपासणारा प्रोग्राम), आणि शेवटी हातात काय तर सीएचके एक्स्टेंशनची एक फाइल, उघडली की नुसता कचरा. फार चिडचिड व्हायची, काम आपलं असतं ना.

ज्याला विचारावं तो म्हणे फॉरमॅट मार, नाहीतर रॅम वाढव. मला दोन्ही पटेना. कारण कळल्याशिवाय फॉरमॅट मारून काय उपयोग, परत तोच ड्रायव्हर टाकला की परत तेच!

म्हणून बूट होताना एफ ८ दाबून सेफ मोडमध्ये गेलो आणि तिथेच काम करत बसलो, संध्याकाळभर एकदाही अडकलं नाही. सेफ मोडमध्ये बहुतेक ड्रायव्हर लोडच होत नाहीत, त्यामुळे रॅमवरचा संशय तिथेच कमी झाला. मग परत एफ ८, कमांड प्रॉम्प्ट ओन्ली, आणि तिथे स्कॅनरेग स्लॅश रिस्टोर ही कमांड. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग जिथे साठवलेली असतात ती जागा, तिच्या जुन्या बॅकअपची तारखांसकट यादी येते, त्यातली ड्रायव्हर टाकायच्या आधीची तारीख निवडली. पण याने फक्त रजिस्ट्री आणि एकदोन सेटिंगच्या फाइली मागे जातात, ड्रायव्हरच्या फाइली नव्याच राहतात, त्या जुन्या सीडीवरून परत टाकाव्या लागल्या. ड्रायव्हर रोलबॅकचं बटण २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर आलं, तोवर हे सगळं हातानेच.

मला खरा राग याचा येतो की ९८ मध्ये ड्रायव्हर थेट सिस्टमच्या गाभ्यात चालतो, तो चुकला की अख्खं मशीन बसतं आणि शिक्षा वर्डमधल्या फाइलला. हे रॅम वाढवून कसं सुटणार?

अजून कोणी जुनं मशीन चालवत असेल तर नवा ड्रायव्हर टाकायच्या आधी विंडोजच्या सिसबॅकअप (SYSBCKUP) फोल्डरमधल्या कॅब फाइली, म्हणजे रजिस्ट्रीचे हेच बॅकअप, दुसरीकडे कॉपी करून ठेवा. ९८ असे ५ च बॅकअप ठेवतं, रोज नवा बनतो तसा सगळ्यात जुना उडतो, आणि गडबड आठवड्याने लक्षात आली तर चांगला एकही उरलेला नसतो.