एकाच ताग्यातल्या दोघी

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. माहेरी, शिरपूरला. रात्रीचे पावणेबारा.

दोन दिवस आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या चालल्यात. झोप यायला हवी, पण कूलरमधलं पाणी संपलंय आणि उठून भरायचा कंटाळा आलाय. सगळे गच्चीवर झोपलेत. खाली मी एकटी, आणि भाच्याने पुण्याहून आणलेला तो प्लेअर. त्याला डिस्क जमवायचा नाद आहे. सकाळी त्याच्या पिशवीतल्या डब्या चाळता चाळता एक ओळखीचं नाव हाती लागलं. ‘सिंगल व्हाइट फीमेल.’ म्हटलं, ही राहू दे इथे आजच्या रात्री.

पिक्चर १९९२ चा. दिग्दर्शक बार्बेट श्रोडर. न्यूयॉर्कमधली ॲली, म्हणजे ब्रिजेट फोंडा, आपल्या मित्राला घराबाहेर काढते आणि खोलीत भागीदारीण हवी म्हणून जाहिरात देते. नाव त्या जाहिरातींच्या भाषेतलंच: एकटी, गोरी, बाई. आपल्याकडे ‘गोरी, गृहकृत्यदक्ष’ छापून येतं, त्यातलाच प्रकार. राहायला येते हेडी. जेनिफर जेसन ली. पुस्तकांच्या दुकानात कामाला, खाली मान घालून बोलणारी. पुढे ती ॲलीसारखे कपडे घालू लागते, केस तसेच कापून तसेच रंगवते, आणि मग तिच्या आयुष्यातली माणसं एकेक करून बाजूला सारते.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९९६ च्या पावसाळ्यात, धुळ्याला. बी.एड.ला होते. देवपुरात एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. कॉलेजला सलग सुट्ट्या लागल्या म्हणून तिला घेऊन आत्याकडे गेले, गल्लीत. आतेभावाने एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला होता, सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी. तिसरी दुकानदाराने ‘भुताचा आहे, इंग्रजी’ म्हणून गळ्यात मारलेली. हिंदी दोन्ही पाहून पोरं आडवी झाली, आणि रात्री दीडला भुताच्या आशेने आम्ही दोघींनी ती लावली. आत्या कोपऱ्यात घोरत होती.

कॅसेटचं एक असायचं. जिथे पट्टे यायचे, चित्र थरथरायचं, तिथे समजायचं की हा भाग गावाने मागे नेऊन नेऊन पाहिलाय. या पिक्चरमध्ये पट्टे कुठे कुठे होते ते लिहायची गरज नाही. आम्ही दोघी तेवढ्यापुरतं छताकडे बघायचो. त्यामुळे आज डिस्कवर काही प्रसंग मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले, आणि ते तसे काही विशेष नाहीत.

पण केस कापायचा प्रसंग तेव्हाही स्वच्छ होता. ॲली पार्लरमध्ये उभी आहे, आणि जिन्यावरून हेडी उतरते. तोच तांबूस बॉब, तेच कपाळावरचे केस. ॲलीचा चेहरा पडतो. नेमकी तेव्हाच आत्या जागी झाली. डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ह्या दोन्ही बहिणी शेतस का वं?”

नाही आत्या, एक दुसरीचं सगळं उचलते आहे, मी सांगितलं.

“मंग तिले बहीण नही व्हई,” आत्या म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

पिक्चरमध्ये ते कोडं बरंच पुढे सुटतं. हेडीची जुळी बहीण लहानपणीच पाण्यात बुडून गेलेली असते. सुरुवातीलाच आरशासमोर नटणाऱ्या दोन जुळ्या मुली दाखवल्यात, पण ते आमच्या लक्षातच नव्हतं. आत्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिला आधी कळलं, कारण तिच्या घरात सारखं दिसणं म्हणजे बहिणी, दुसरा अर्थच नव्हता. आम्हालाही दिवाळीला एकाच ताग्यातून फ्रॉक शिवायचे, शिंपी तोच, फक्त लांबी वेगळी. धाकटीला माझा लहान झालेला आणि तिचा स्वतःचा, असा एकच फ्रॉक चार वर्षं घालावा लागे. त्याला कोणी भयपट म्हटलं नाही. (तिला विचारलं तर म्हणेल.)

आज मात्र माझं लक्ष घरावर होतं. बाहेरून दाखवतात ती ‘ॲन्सोनिया’, ब्रॉडवेवरची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची जुनी इमारत. उंच छतं, लांब बोळ, आणि हवेसाठी भिंतीत जाळ्या. त्या जाळीतून वरच्या मजल्यावरचं बोलणं खाली येतं, खालचं वर जातं. सगळ्यांना एकमेकांचं ऐकू येतं आणि कुणी कुणाचं नाही. कॅमेरा लुचानो तोवोलींचा. ‘सस्पिरिया’ हा भडक रंगांचा इटालियन भयपट त्यांनीच टिपलेला. इथे तसे भडक रंग नाहीत. भिंती मळकट पिवळ्या, आणि त्यात ती दोन तांबडी डोकी.

शेवटचा अर्धा तास मला आजही पटला नाही. इतका वेळ टेलिफोनच्या यंत्रावरचा निरोप गुपचूप पुसून टाकणारी बाई दाखवली, तीच किती अंगावर येते! मग सँडलच्या टाचेने माणूस मारायचा, तळघरात पळापळ करायची, हे कशाला? जेनिफर जेसन लीला त्या वर्षीच्या खलपात्राचं एमटीव्हीचं बक्षीस मिळालं, ते बहुधा टाचेसाठी मिळालं असावं. मी निरोप पुसणाऱ्या बोटाला दिलं असतं.

आणि एक गोष्ट तेव्हा पूर्ण निसटली होती. हेडी येते तेव्हा ॲलीला तिची गरज असते. रडायला, बोलायला, बाजाराला, घरात दिवा लागलेला असायला. मित्र परत येतो, दोघांचं पुन्हा जमतं, आणि ॲली हेडीला सांगते की तुला आता दुसरी जागा बघावी लागेल. गोड बोलूनच सांगते. मी तिथे थांबवलं आणि पाणी प्यायले.

माझी खोलीतली पार्टनर साक्रीकडची. मी हिरवा ड्रेस घेतला, तिने आठवड्यात तसाच घेतला. मी मधोमध भांग पाडायला लागले, तिनेही पाडला. एकदा पद्धती मास्तरांनी, म्हणजे कसं शिकवायचं ते शिकवणाऱ्या सरांनी, आमच्या दोघींच्या पाठ टाचणाच्या (धडा कसा शिकवायचा त्याच्या आराखड्याच्या) वह्या समोरासमोर ठेवल्या. दोन्हींतली दुसरी वेलांटी वर वळवून टोकाला छोटा गोळा काढलेला. एकाच हाताची वाटावी अशी. “कोणी कोणाची लिहिली?” सर म्हणाले. मी म्हटलं, सर, ही माझं सगळंच बघून करते. वर्ग हसला. ती काही बोलली नाही. वही घेऊन जागेवर गेली.

मग माझं लग्न ठरलं. तिला मी सर्वात शेवटी सांगितलं, खोली सोडायच्या आदल्या दिवशी. भाडं तिला एकटीला झेपणार नाही हे मला माहीत होतं. धुळ्याच्या स्टँडवर ती सोडायला आली, नेमका तो हिरवा ड्रेस घालून. माझ्याही अंगात तोच. लोक बघत होते. मला लाज वाटली, म्हणून एसटीत मी पलीकडच्या बाजूची खिडकी धरली. तिने शेवेचा पुडा आणलेला, तो कंडक्टरकडून आत आला.

नंतर इतकी वर्षं हा किस्सा मी रंगवून सांगत आले. शाळेच्या स्टाफरूममध्ये, सासरी, लेकीच्या मैत्रिणींना. आमच्याकडेपण एक हेडी होती बरं का, असं. हसतात सगळे. एकीने तर विचारलं, कुत्रा पाळला नव्हता ना? (पिक्चरमध्ये पिल्लाचं काय होतं ते पाहिलेल्यांना कळेल.)

आज दुपारी वहिनीने माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आखाजीला येतेस, तुझं तू बघून घे, म्हणाली. रास्त आहे. बी.ए.च्या वह्या, बी.एड.च्या वह्या, एक वाळवीने खाल्लेला शब्दकोश. पिक्चर संपल्यावर, शेवटचा तो दोघींचे चेहरे एकमेकांत मिसळलेला फोटो पडद्यावरून गेल्यावर, मी त्या वह्या घेऊन बसले. सहज. वेलांटी बघायला.

बी.ए.च्या तिन्ही वर्षांत गोळा नाही. वेलांटी सरळ उभी, शेवट तुटका. बी.एड.चं जुलैचं पहिलं टाचण, ‘विशेषण’, इयत्ता सहावी. त्यातही नाही. ऑगस्टमध्ये कुठेकुठे. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येक वेलांटीला.

गठ्ठ्यात तळाशी एक वही तिची निघाली. घाईत आवरताना आली असावी. वर तिचं नाव, गाव, हजेरी क्रमांक. जुलैचं पहिलं टाचण, पहिली ओळ, पहिलीच वेलांटी. टोकाला गोळा. नीट, भरलेला, सवयीचा.

सरांसमोर ती का बोलली नाही?

२८ वर्षं मी फळ्यावर हीच वेलांटी काढते आहे. पोरं ती बघून गिरवतात. शाळेत माझ्या अक्षराचं नाव आहे, गॅदरिंगचे फलक माझ्याकडेच येतात. या पानावर वर कितीतरी ठिकाणी ‘ती’ लिहिलंय. आत्ता मोजत बसले होते. एकही गोळ्याशिवाय नाही.

तिची वही ट्रंकेत परत ठेवली नाही. उशाशी आहे. गावाचं नाव वर आहेच, साक्रीला जाणारी एसटी धुळ्याहून मिळते. कूलरमध्ये पाणी भरायचं राहिलंय.