‘भामटा लिहा, सर’

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात शिवी आणि लाड यांच्यामधले कुंपण फार पूर्वीच मोडलेले आहे. माझी आजी अंगणात मुगवड्या घालताना आम्हा नातवंडांना ‘मुडद्या’, ‘खापरतोंड्या’ अशाच हाका मारी, आणि ज्या दिवशी ती नुसत्या नावाने हाक मारी त्या दिवशी काहीतरी बिनसले आहे, हे आम्ही ओळखून असू. तिच्या भावाचे नाव तर उकंडा होते. आधीची मुले जगली नाहीत, तेव्हा हे उकिरड्यावरचे म्हणून जाहीर करावे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, असा त्यामागचा हिशेब. अशा घरात वाढलेल्या माणसाला शब्दाच्या मुळाशी कुणाची तरी जखम असू शकते, हे पटायला उशीर लागतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. गेल्या वर्षी एका मुलाने ‘सर, वही बकरीनं खाल्ली’ असे इतक्या गंभीरपणे सांगितले, की मी हसू दाबत म्हणालो, “मोठा भामटा आहेस बे तू!” वर्ग खो-खो हसला. त्याच दुपारी दुसऱ्या एका मुलाचे वडील जात पडताळणीसाठी आपल्या वडिलांच्या नोंदीचा उतारा मागायला आले. विमुक्त जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून दाखल खारिज रजिस्टरचा सर्वांत जुना, कडा झिजलेला खंड काढला. शाई तपकिरी पडली होती. बोटाने ओळ धरून मी मोठ्याने वाचू लागलो आणि जातीच्या रकान्याशी ‘राजपूत’ एवढेच म्हणून अडखळलो.

“भामटा लिहा, सर,” ते शांतपणे म्हणाले. “ ‘ट’ नीट येऊ द्या. मांगं एकाचं त्याच्यातच अडकलं होतं.”

सकाळी जो शब्द मी वर्गात गमतीने उधळला होता, त्याचे एकेक अक्षर बिनचूक उमटावे म्हणून हा माणूस दिवसाची मजुरी बुडवून माझ्यासमोर उभा होता.

ही गोष्ट शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला सांगितली, तर तो म्हणाला, “असे मुळं खंदत बसलो तं मानसानं बोलाचं काय मंग, मास्तर?” त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. अशोकाच्या शिलालेखांत ‘पाषंड’ हा शब्द सगळ्या धर्मपंथांसाठी, कोणताही हिणकस भाव न ठेवता आला आहे. सर्व पाषंडांचा आदर करावा, असे गिरनारच्या लेखात तो सांगतो. पुढे त्याच शब्दाचा ‘पाखंडी’ झाला. खुद्द त्या राजाची ‘देवानांप्रिय’ ही पदवी नंतरच्या संस्कृत वैयाकरणांनी मूर्ख या अर्थी नोंदवून ठेवली. या दोन्ही शब्दांच्या पोटात कुणाच्या तरी श्रद्धेची टवाळी आहे. पण आमच्या गावच्या बुद्धविहारात कुणी कुणाला पाखंडी म्हटले, तर आज कुणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. ज्यांना तो शब्द टोचायचा ते लोक काळाआड गेले, म्हणून शिवीही बोथट झाली.

भामट्याचे तसे नाही. ते एका जातीचे नाव आहे, आणि ती माणसे आजही आपल्यात आहेत. ‘बदमाश’ म्हणजे ज्याची उपजीविका वाईट तो. निदान त्या शब्दात माणसाच्या धंद्याकडे बोट आहे, त्याच्या पाळण्याकडे नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र गुन्हा थेट पाळण्यालाच चिकटवला. कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमाती कागदावर ‘विमुक्त’ झाल्या. बोलण्यातून त्यांची सुटका करण्याचा आदेश कुणी काढला नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पाट्या बदलता येतात हे कळले. जिभेला पाटी नसते, हीच अडचण आहे.

आणि शिवी ज्याला दिली त्यालाच लागते, असेही नाही. डवरणीच्या दिवसांत सालदार बैलावर ‘रांडीच्या’ म्हणून खेकसतो, तेव्हा पुष्कळदा धुऱ्यावर शेताची मालकीण भाकर घेऊन उभी असते. कर्जापायी नवऱ्याने जीव दिल्यावर शेती अंगावर पडलेल्या बाया आमच्या जिल्ह्यात गावोगावी आहेत, आणि ‘रांड’ या शब्दाचा मूळ अर्थ नुसता विधवा एवढाच आहे. शिवी बैलाला आहे, हे तिलाही ठाऊक असते. ती काही न बोलता फडके सोडते.

बकरीवाल्या मुलाने पुढच्या आठवड्यात पुन्हा वही आणली नाही. या वेळी ती नाल्यात पडली होती. “मोठा...” इथपर्यंत मी आलो आणि थांबलो, दुसरा शब्द शोधू लागलो. तेवढ्यात सगळ्या वर्गाने एका सुरात, मोठ्या आनंदाने, तो शब्द पूर्ण केला. ज्याच्या आजोबांचा उतारा मी लिहून दिला होता, त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलाचा आवाजही त्यात होता.