आमची वाटचाल: नववा डबा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेली वस्तू जीपीएसच्या अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा खेळ. त्याच्या आणि पायी भटकंतीच्या वाटा आखून द्यायच्या, हा आमचा धंदा. लपवलेल्या वस्तूला ‘कॅश’ म्हटलं की समोरचा रोकड समजतो, म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून ‘डबा’ हाच शब्द. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि लगेच 3 मेला डेव्ह उल्मरने ओरेगनमध्ये पहिली बादली ठेवली. ती अर्धवट पुरलेली होती आणि आत घेवड्याचा एक डबाबंद कॅनही होता. आज परवानगीशिवाय पुरणं चालत नाही, खाण्याची वस्तूही चालत नाही. म्हणजे या खेळाचा मूळपुरुषच आजच्या तपासणीत नापास. असो.

सपाट माळावरची वाट कुणीही आखतो. आमचं नाव झालं ते घळींमुळे, आणि बुडायची वेळ आली तीही एका घळीतच.

घळीची रेकी नकाशावर सुरू होते, पण तिथे थांबत नाही. समोच्च रेषा 10 मीटरच्या अंतराने काढलेल्या असतील, तर 8 मीटरचा सरळसोट कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपतो. म्हणून आधी दोन्ही काठांवरून चालायचं, मगच तळात उतरायचं. दोर लागणारा टप्पा आला की पहिल्या फेरीत दोर लावलेलाच ठेवायचा. खालून बाहेर पडायची वाट स्वतःच्या पायांनी चालून झाल्याशिवाय तो ओढून घ्यायचा नाही. दोर काढला आणि पुढे डोहाने वाट अडवली, की माणूस ना वर ना खाली. आम्ही 10.5 मिलिमीटरचा स्टॅटिक दोर दोन स्वतंत्र अँकरांवर लावतो. हा दोर उतरण्यासाठी असतो. तो जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे त्यावर लीड चढाई (म्हणजे वरून आधार नसताना दोर आपणच वर नेत चढणं) करणारा पडला तर सगळा झटका त्याच्याच अंगावर. तरी तसं करणारे महाभाग आहेतच.

वेळेचं गणितही घळीत वेगळं. 1892 पासून चालत आलेला नेस्मिथचा हिशोब 5 किलोमीटरला एक तास आणि 600 मीटर चढाला आणखी एक तास धरतो. तो काठावरच्या पायवाटेला ठीक आहे. तळातल्या धोंड्यांतून तासाला एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. शिवाय काठावर लख्ख ऊन असतं तेव्हा तळात अंधारायला लागलेलं असतं. परतीची वेळ तळातल्या उजेडावर ठरवा, पंचांगातल्या सूर्यास्तावर नको.

तिसऱ्या वर्षी एका आयोजकाचं चौदा डब्यांचं काम मिळालं. तोवरचं सगळ्यात मोठं. नववा डबा घळीच्या सगळ्यात चिंचोळ्या भागात, उजव्या भिंतीच्या पायथ्याशी एका कपारीत. आमच्या माणसाने रीडिंग एकदाच घेतलं. यंत्राने ‘अचूकता 5 मीटर’ दाखवली, ती त्याने वहीत उतरवली आणि पुढे गेला. प्रत्यक्षात पॉइंट 38 मीटर सरकलेला होता, तोही आडवा, समोरच्या भिंतीवर. शोधणारे इमानदारीने तिथेच चढले. ढिल्या दगडांची पट्टी पायाखालून सुटली आणि एकाचा घोटा दुखावला. आयोजकाने काम काढून घेतलं, उरलेले पैसे अडकले, आणि ‘यांना अक्षांश-रेखांश घेता येत नाहीत’ हे सगळीकडे झालं. वर्षभर नवं काम नाही.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. ‘5 मीटर’ हा यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. भिंतीवर आपटून उशिरा आलेला सिग्नल त्याला सरळ आलेल्यासारखाच वाटतो. त्यात घळीच्या तळातून आभाळाची एक पट्टीच दिसते. म्हणजे उपग्रह मिळतात ते घळीच्या लांबीच्या रेषेत. दोन्ही बाजूंचे भिंतींनी झाकलेले. त्यामुळे घळीच्या दिशेने आकडा बरा येतो आणि आडवा भरकटतो. नेमकी आडवी चूकच माणसाला कड्यावर चढवते. उपग्रहांच्या एल1 आणि एल5 अशा दोन्ही वारंवारितांवर चालणारी यंत्रं यात पुष्कळ बरी, पण आभाळच दिसत नसेल तर तीही काय करणार?

आता आमची रीत अशी. एका डब्यासाठी किमान चार रीडिंगं, दोन रीडिंगांत निदान दीड तास, कारण तेवढ्यात उपग्रहांची मांडणी बदललेली असते. त्यातली दोन वेगळ्या दिवशी. मग सरासरी. त्यावरही विश्वास न ठेवता ताळा घ्यायचा. घळ जिथे रुंदावते तिथे, मोकळ्या आभाळाखाली एक पक्का पॉइंट घ्यायचा आणि तिथून डब्यापर्यंत होकायंत्राने कोन नि लेझरने अंतर. कोनात 1 अंश चुकलं तर 100 मीटरवर पावणेदोन मीटरची चूक येते, आणि अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे 1.85 मीटर. तेव्हा हाताने केलेलं हे काम यंत्राच्या तोडीचं होतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मात्र आधी वजा-अधिक करून घ्यावा.

ही ताळ्याची सवय आम्हाला लावली ती आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाने. निवृत्त सर्व्हेअर. त्या वाईट वर्षातही काकांनी आपल्या भटक्या मंडळींची वार्षिक वाट आमच्याकडूनच आखून घेतली. हातात पितळी होकायंत्र, झाकणाची बिजागरी दोऱ्याने बांधलेली. आम्ही आकडा सांगितला की त्यांचा एकच प्रश्न, “अहो, उलटा कोन घेतलात का?” म्हणजे डब्याजवळ उभं राहून मूळ जागेकडे परत कोन घ्यायचा. दोन्हींत बरोबर 180 अंशांचा फरक आला पाहिजे. नाही आला, तर खडकात लोह आहे, किंवा तुमच्याच खिशात फोन आहे. आमच्या बाबतीत बहुतेक वेळा फोनच निघायचा.

त्यानंतरची सहा-सात वर्षं व्यवस्थित गेली.

मग आला तो प्रतिस्पर्धी. नाव घेत नाही. आमच्या निम्म्या भावात घळीच्या वाटा विकायचा, आणि घळीत कधी कुणी त्याला पाहिलेलं नाही. उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवून पॉइंट काढायचे. पण उंच भिंतींच्या जागी ती चित्रंसुद्धा सरकलेली असतात आणि तळ सावलीत काळा. आम्हाला पुरावा मिळाला तो असा, की त्याच्या यादीत आमचा नववा डबा होता. जुन्या, चुकलेल्या आकड्यांसह, 38 मीटर आडवा. आमची चूकसुद्धा चोरली! आम्ही आयोजकांना कळवलं. उत्तर आलं, ‘तुमच्यापेक्षा स्वस्त आहेत.’

त्याच्या कागदावर आकडे कोणत्या पद्धतीत आहेत हेही लिहिलेलं नसायचं. आकडे लिहिताना पद्धत लिहाच. 30.500 मिनिटं म्हणजे 30 मिनिटं 30 सेकंद. कुणी ते 30 मिनिटं 50 सेकंद असं वाचलं, तर उत्तर-दक्षिण 600 मीटरांहून जास्त फरक पडतो; म्हणजे माणूस दुसऱ्याच ओढ्यात.

डब्याबद्दलही सांगून टाकतो, विचारलं नसलं तरी. चार कड्यांचं, रबरी गॅस्केटचं झाकण घ्या. डबा गळतो तो फुटून नाही. नोंदवहीच्या पिशवीचं टोक झाकणात अडकतं, किंवा गॅस्केटवर वाळूचा कण बसतो, आणि तिथून पाणी आत ओढलं जातं. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डब्या घळीच्या दमटपणात आतून ओलावतात. पेन नको, पेन्सिल ठेवा. दोन डब्यांत 161 मीटर अंतर लागतं, पण घळीत तेवढं मोजताना वळणांची लांबी धरू नका, ते सरळ रेषेत मोजतात. आणि पुराची रेघ बघा. भिंतीच्या फटीत अडकलेल्या काटक्या, गवताचे झुबके जितक्या उंचीवर दिसतील तिथवर पाणी चढलेलं आहे. आम्ही त्याच्या दोन पुरुष वर डबा ठेवतो. तिथे उभं राहायला सुरक्षित जागा नसेल तर डबाच ठेवत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो. पाऊस डोक्यावर पडायची गरज नसते. वरच्या खोऱ्यात पडला तरी घळ भरते. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, की सामान सोडून वर.

टेरेनचा, म्हणजे डब्यापर्यंतची वाट किती अवघड याचा दर्जा 1 ते 5, अर्ध्या-अर्ध्याने. दोर लागत असेल तर 5, यात घासाघीस नाही. ‘साडेतीन लिहा, म्हणजे जास्त लोक येतील,’ असं सांगणारे दोन आयोजक आम्ही सोडले. दोघेही त्या स्वस्तवाल्याकडे गेले.

काका आता उतरत नाहीत. होकायंत्र आमच्याकडे दिलंय, दोरा आम्ही बदललेला नाही. सध्या एका नव्या घळीत अकरा डब्यांचं काम चालू आहे. दहा झाले. अकराव्याची तीन रीडिंगं जुळतात, उलटा कोन मात्र 4 अंशांनी चुकतोय, आणि या वेळी फोन कुणाच्याच खिशात नव्हता. म्हणून यादीत त्याच्यापुढे अजून फुली आहे.